नमुना सही

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कलेतलं काही कळत नाही, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि तो बराचसा खरा आहे. माझंच बघा. मी बी.कॉम., तोही दुसऱ्या वर्गात. चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध सातवीत आला. मी काढलेला मोर बघून ड्रॉइंगच्या मास्तरांनी 'किटली बरी जमली आहे' असा शेरा मारला होता. त्यानंतर मोर आणि मास्तर दोघेही माझ्या आयुष्यातून उडून गेले. असं असताना आज मी तुम्हाला कलासमीक्षा ऐकवणार आहे, आणि तीही साधीसुधी नव्हे, डिजिटल कलेची. संगणकावर लोक खनिजांची आणि स्फटिकांची चित्रं काढतात, त्यांविषयी. आमच्या मिरजगावात लाइट गेली की संगणक आणि कला एकदमच अंधारात जातात. तेव्हा हे धाडस मला कुठून आलं, असं तुम्ही विचाराल.

ते आलं आमच्या कन्येमुळे. ती पुण्याला ॲनिमेशनचा कोर्स करते. (हा कोर्स म्हणजे नक्की काय, हे माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, मी अजून समजावू शकलेलो नाही. 'सिनेमाची चित्रं काढायची' एवढ्यावर सध्या भागलं आहे.) दिवाळीच्या सुट्टीत ती आली आणि फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडून म्हणाली, "बाबा, प्रोजेक्टला 'स्फटिक' हा विषय घेतलाय. बघा आणि खरं सांगा."

'खरं सांगा' असं साहेबानं, बायकोनं किंवा मुलीनं म्हटलं तर काय सांगायचं असतं, हे मला नोकरीनं आणि संसारानं पक्कं शिकवलं आहे. मी चष्मा चढवला. एक गुहा होती. गुहेच्या जमिनीतून उलटी लावलेली गाजरं वर यावीत तसे शे-दोनशे जांभळे स्फटिक वर आले होते. प्रत्येकाच्या पोटात ट्यूबलाइट. मागे धुकं. एका कोपऱ्यात धबधबा, का ते माहीत नाही. मी म्हटलं, "छान!"

"छान म्हणजे काय, बाबा? नीट सांगा ना."

आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "सही जुळत नाही."

आता हे वाक्य मी दिवसातून पाच-सहा वेळा म्हणतो, पण ते काउंटरवर. घरात ते पहिल्यांदाच आलं. कन्या माझ्याकडे बघतच राहिली. सौ. म्हणाली, "अहो, ती चेक नाही, चित्र दाखवतेय." पण वाक्य गेलं ते गेलं, आणि मग मला त्याची जबाबदारी घेणं भाग पडलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत एक म्हातारे हेडकॅशिअर होते. चेकवरची सही कार्डावरच्या नमुना सहीशी कशी ताडायची, ते त्यांनी मला शिकवलं. नवा कारकून काय करतो? दोन्ही सह्या तंतोतंत सारख्या आहेत का ते बघतो. हेडकॅशिअर म्हणायचे, "तंतोतंत सारखी दिसली तर आधी घाबर. ती गिरवलेली असते." खरा माणूस प्रत्येक सही वेगळी करतो. कर्ज घेताना त्याची सही थरथरते, पैसे काढताना घाईत असते, जामीन राहताना तर अर्धीच उठते. कुणाची चिमुकली, कुणाची चेकच्या बाहेर जाणारी. आमचे काही खातेदार पेन नव्हे, पहार धरल्यासारखी सही करतात आणि खालच्या तीन चेकांवर ती आपोआप उमटते. पण एक गोष्ट बदलत नाही, ती म्हणजे वळण. अक्षराचा कल, एका रेघेचा दुसरीशी होणारा कोन. तो जुळला की डोळे मिटून पैसे द्यावेत.

गंमत अशी की दगडांच्या बाबतीत हीच गोष्ट १६६९ साली एका डॅनिश माणसानं लिहून ठेवली आहे. त्याचं नाव निकोलस स्टेनो. मूळचा तो शरीरशास्त्राचा माणूस, बँकेतला नव्हे. त्याच्या ध्यानात आलं की गारगोटीचे स्फटिक जाडे असोत, बारके असोत, वाकडेतिकडे वाढलेले असोत, त्यांच्या त्याच त्या दोन बाजूंमधला कोन तोच राहतो. गारगोटीचा खांब सहा बाजूंचा, आणि शेजारच्या दोन बाजू एकमेकींशी १२० अंशांचा कोन करणार म्हणजे करणार, मग तो खांब सुईएवढा असो की उखळाएवढा. आकार वेगळा, वळण तेच. दगडांच्या नमुन्यालाही 'स्पेसिमेन' म्हणतात आणि आमच्या सहीच्या कार्डालाही 'स्पेसिमेन'च, हे मला कळलं तेव्हा हेडकॅशिअरांची फार आठवण आली.

कन्येच्या गाजरांना मी मोजून बघितलं. काहींना पाच बाजू होत्या, काहींना सात, आणि सगळी एकाच गाजराची लहान-मोठी पिल्लं होती. म्हणजे वळण चुकलेलं आणि वर गिरवलेलं. दोन्ही गुन्हे एकाच चेकवर.

तुम्ही म्हणाल, बी.कॉम.ला हे स्फटिकांचं ज्ञान आलं कुठून? तर आमच्या घरातल्या एका दगडातून.

हा दगड मला कळायला लागल्यापासून आमच्या घरात आहे. पूर्वी तो किराण्याच्या यादीवर असायचा, आता लाइटबिलांवर असतो. एका अंगाला काळा खडक आणि त्यातून निघालेले फिकट गुलाबी, मोत्यासारखी झाक असलेले पापुद्रे, मध्ये बांधलेल्या कडब्याच्या पेंढीसारखे. १९७२ च्या दुष्काळात नानांनी रानात विहीर काढली, तिच्यातून तो आला. त्या वेळी नाना पंचविशीत होते. तगाई घेतली, टिकाव-पहार घेतली. आधी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंग लावत लावत सात परस खाली गेले आणि सातव्या परसाला एक पोकळी उघडली. कंदील खाली सोडला तर आतून सगळं लखलखलं. गावात बातमी गेली की नानाला हिरे लागले! दोन दिवस विहिरीच्या काठावर जत्रा भरली. तिसऱ्या दिवशी एका जाणत्या माणसानं वाकून बघितलं आणि निकाल दिला, "गारा हैत. फेका आन् खाली खणा." आणखी दोन परस खणलं. पाणी लागलं नाही. ते आजतागायत लागलेलं नाही. तगाईचे हप्ते मात्र नाना पुढे कित्येक वर्षं फेडत होते. त्या हिशेबानं आमचा हा दगड म्हणजे मिरजगावातला सर्वांत महागडा पेपरवेट आहे. हे सगळं मला आजीनं सांगितलं. नाना त्या विहिरीबद्दल कधी बोलत नाहीत. मी बारावी झालो तेव्हा एवढंच म्हणाले, "कॉमर्सला जा. तिथं खणायचं नसतंय."

काही वर्षांपूर्वी शिर्डीला गेलो असता तिथून पुढे सिन्नरला मेव्हण्याकडे मुक्काम पडला. मेव्हणा म्हणाला, "दाजी, इथं दगडांचं म्युझियम आहे, चला." मला वाटलं, चेष्टा करतोय. कर्जत तालुक्यातल्या माणसाला दगड दाखवायला तिकीट काढून नेणं म्हणजे कोकणातल्या माणसाला पाऊस दाखवण्यासारखं. पण गेलो. 'गारगोटी' असं त्याचं नाव. नौदलात नोकरी केलेल्या के. सी. पांडे यांनी २००१ साली ते उभं केलं. आत गेलो आणि पहिल्याच दालनात गप्प झालो. काचेच्या पेटीत, दिव्यांच्या उजेडात, आमच्या लाइटबिलांवरचा दगड बसला होता. अर्थात तो त्याचा श्रीमंत चुलतभाऊ. पाटीवर नाव होतं, स्टिलबाइट.

मग मी याविषयी मिळेल ते वाचत सुटलो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर लाव्हारसाचे थरावर थर साचले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, ढोकळ्यात जाळी पडते तसे. पुढे त्या जाळीतून खनिजं विरघळलेलं ऊन पाणी झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक धरत गेले. बोरघाटात रेल्वेचे बोगदे खणले गेले, ते काम १८६३ मध्ये पुरं झालं. त्या खोदकामात निघालेले असले नमुने गोरे साहेब विलायतेला घेऊन गेले. आपण विहिरी खणल्या, खाणी खणल्या, आणि निघाले ते 'गारा' म्हणून बांधावर फेकले.

आणि विविधता तरी किती! पुण्याच्या पाषाण भागातल्या खाणींत निघालेला हिरवा अपोफिलाइट, पुदिन्याचं पाणी गोठवावं तसा. स्कोलेसाइटच्या सुया, भुईनळा उडता उडता मध्येच थांबवावा तशा. ओकेनाइट तर दगड वाटतच नाही. सावरीच्या कापसाचे पांढरेशुभ्र गोळे, आणि बोट लावलं की तंतू दबलेच. सर्वांत मोठा धक्का दिला तो कॅव्हनसाइटनं. कपड्यांच्या निळीच्या खड्यांसारखा झगझगीत निळा रंग. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून त्याचं नाव ठेवलंय. तो पहिल्यांदा अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात १९६७ साली सापडला, पण त्याचे जगातले सर्वांत देखणे नमुने मिळाले वाघोलीच्या खाणींत. म्हणजे नगर-पुणे रस्त्यावरची, एस.टी. ज्या गावात तासभर अडकते तीच ही वाघोली! तिथं आजवर मी फक्त ट्रॅफिकला शिव्या घातल्या होत्या. आमच्याच जिल्ह्यात राहुरीजवळच्या मोमीन आखाड्याचं नाव परदेशी संग्राहकांना पाठ असतं. आम्हाला राहुरी म्हणजे कृषी विद्यापीठ एवढंच ठाऊक.

तर असा मी, दगडानं पछाडलेला कारकून, कन्येच्या चित्रापुढे बसलो होतो. तिनं मग मला जगभरातल्या कलाकारांची संगणकी स्फटिकचित्रं दाखवली. दोन रात्री बघत होतो. माझा निकाल आता व्हाउचर पास करावं तसा क्रमवार देतो.

पहिला आक्षेप रंगाचा. एवढं मोठं खनिजांचं जग, त्यात पीच आहे, मोतिया आहे, पुदिना आहे, निळीचा निळा आहे. आणि संगणकावर बघावं तर जांभळा, नाहीतर मोरपंखी. स्फटिक म्हणजे जांभळा, असा जणू सरकारी ठरावच झालेला आहे. हल्ली तर एक ओळ लिहिली की यंत्र अर्ध्या मिनिटात चित्र काढून देतं. त्यालाही मी 'स्फटिक' म्हणून बघितलं. जांभळाच आला. ज्याला सगळ्यांची सरासरी पाठ असते, त्याला वाघोली कुठून आठवणार?

दुसरा आक्षेप पोटातल्या दिव्याचा. स्फटिकाचं सगळं वैभव दुसऱ्याचा उजेड घेण्यात आहे. थोडा परत देतो, थोडा आत मुरवतो, थोडा वाकवतो. तो स्वतःच पेटला की मग तो स्फटिक राहत नाही, मांडवातला बल्ब होतो.

तिसरा आक्षेप पैलूंचा. मराठीत आपण 'पैलू पाडणं' म्हणतो ते फार अचूक आहे. पैलू माणूस पाडतो, सुरतेचा कारागीर पाडतो. निसर्ग पाडत नाही, तो वाढवतो. पण मोबाइलवरच्या हिऱ्याच्या चिन्हापासून ते भल्याथोरल्या गुहाचित्रांपर्यंत बहुतेक ठिकाणी अंगठीतला खडाच फुगवून जमिनीत रोवलेला असतो. आमची सौ. दुपारी 'बिज्वेल्ड' नावाचा खेळ खेळते. २००१ सालचा खेळ आहे. सात तऱ्हेचे खडे, तीन सारखे ओळीत आले की नाहीसे होतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो जवाहिऱ्याचा खेळ आहे आणि तसंच सांगतो. शिवाय दागिने ओळीनं नाहीसे होताना मी गोल्ड लोनच्या काउंटरवर रोज बघतोच.

चौथा आक्षेप जरा बारीक आहे, पण माझा लाडका. सिन्नरहून मी कॅल्साइटचा एक पारदर्शक तुकडा विकत आणला. तो कागदावर ठेवला की खालचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, कारण तो उजेडाच्या एका किरणाचे दोन करतो. मी तो ऑफिसात नेऊन माझ्या पासबुकावर ठेवला. शिल्लक दोनदा दिसली! सबंध स्टाफ जमला. शिपाई म्हणाला, "साहेब, कर्जखात्यावर मात्र ठेवू नका." आता मला सांगा, एवढा विनोदी स्वभाव असलेला दगड, आणि बहुतेक संगणकी चित्रांत तो साध्या काचेसारखा दाखवतात. त्याचा सबंध स्वभावच गाळून फोटो काढल्यासारखं झालं.

पण नुसती नापासांची यादी वाचणारा समीक्षक आणि नुसते चेक परत करणारा कारकून, दोघांनाही लोक ओळखून असतात. तेव्हा पास झालेलेही सांगतो. 'फ्रोझन' हा २०१३ चा सिनेमा मी कन्येबरोबर बघितला होता, तेव्हा ती लहान होती आणि मी झोपलो होतो. या वेळी जागा राहून बघितला. त्यातल्या राणीचा बर्फाचा महाल सहा बाजूंच्या हिशेबानं वाढतो. कारण बर्फाचा कणही षटकोनी घराण्यातला. त्या मंडळींनी हिमस्फटिकांचे अभ्यासक केनेथ लिब्रेख्ट यांना बोलावून विचारलं होतं. गाणी म्हणणाऱ्या बाईच्या महालातसुद्धा वळण सांभाळलंय.

दुसरा पास झालेला बघून मी स्वतःच चकित झालो. तो म्हणजे भाचा खेळतो तो 'माइनक्राफ्ट'. त्यात जवळजवळ सगळं जग विटांचं. झाड विटांचं, गाय विटांची. अशा खेळात स्फटिकांची काय अपेक्षा ठेवायची? पण २०२१ साली त्यात जांभळ्या गारगोटीच्या पोकळ्या आल्या. भाच्यानं एक फोडून दाखवली. बाहेरून काळ्या बेसाल्टचं कवच, आत कॅल्साइटचा पांढरा थर, आणि त्याच्या आत ॲमेथिस्ट. मी खुर्चीतून उठलोच. बेसाल्ट, त्यात पोकळी, पोकळीच्या भिंतींवर स्फटिक! ही तर नानांची विहीर. त्यावर चाललं की किणकिण वाजतं. स्फटिक आधी कोंब, मग जरा मोठा, मग आणखी मोठा आणि शेवटी पुरा झुबका, असा चार पायऱ्यांनी वाढतो आणि त्याला वेळ लागतो. आणि ज्या मूळ ठोकळ्यावर तो उगवतो, तो ठोकळा काही केल्या उचलून नेता येत नाही. कुदळ मारली की फुटतो, हाती काही लागत नाही. झुबके न्या, आई नेता येणार नाही. सही गिचमिड आहे, पण खातं खरं आहे, असा मी शेरा मारला. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही खेळा ना, चांगले खेळाल." मी म्हटलं, "नको रे. आमच्या घरात एकानं खणलंय तेवढं पुरे."

हे सगळं मी कन्येला दोन रात्री ऐकवलं. दोनशे वर्षांपूर्वी जेम्स सोअर्बी नावाच्या इंग्रज चित्रकारानं खनिजांची हातानं रंगवलेली चित्रं छापली, त्यात मागचा ओबडधोबड खडकही इमानानं काढलाय, हेही सांगितलं. तिनं जांभया देत ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी लाइटबिलांवरचा दगड उचलला. रव्याचा स्टीलचा डबा उपडा घालून त्यावर तो ठेवला (रवा कुठे ओतला, यावर सौ.चं स्वतंत्र भाष्य झालं) आणि मोबाइलनं चारी बाजूंनी दीडेकशे फोटो काढले. ते फोटो संगणकाला दिले की तो त्यांवरून दगडाचा आकार उभा करतो. संध्याकाळी तिनं हाक मारली. "बाबा, आता जुळते का सही?"

काय सांगू! पडद्यावर तोच दगड होता. पेंढीचा पापुद्रान्‌पापुद्रा, मोत्याची झाक, सगळं. मुलगी बोट फिरवील तसा तो फिरत होता. दोन रात्रींची माझी समीक्षा कामाला आली, अशा अभिमानात मी म्हटलं, "पास! नानांना दाखव."

नाना ओट्यावर बसले होते. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, नातवंड घ्यावं तसा. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "कुनाचा दगड हाय ह्यो?"

"आजोबा, तुमचाच की!"

"माजा न्हाई. माज्याला हितं कोपरा न्हाई. तिसऱ्या सुरुंगाला उडला."

कन्येनं जीभ चावली. तिनं दगड 'साफ' केला होता. उडालेला कोपरा बसवला होता, काळा खडक थोडा कातरला होता, फटीतली माती पुसली होती. मी दोन रात्री आक्षेपांची यादी वाचली आणि पास करताना हे माझ्या नजरेला आलं नाही. बावीस वर्षं सह्या ताडणाऱ्या माणसानं गिरवलेली सही पास केली होती!

नाना बोलत राहिले. "आन् उलटा धरलाय तू ह्याला. ह्या पेंड्या वर न्हवत्या, खाली लोंबत व्हत्या. छताला व्हत्या. म्या कंदील असा धरला," त्यांनी हात वर केला, "तर डाव्या अंगाचंच चमाकलं. उजवं अंधारात व्हतं. वास येत व्हता सुरुंगाचा. म्या म्हनलं, आता ह्येच्या खाली पानीच असनार."

पन्नास वर्षांत नाना त्या विहिरीबद्दल एवढं बोललेले मी ऐकले नव्हते. कन्या काही न बोलता तिथंच फरशीवर बसली आणि विचारत गेली. पोकळी केवढी होती? कोनाड्याएवढी का पेटीएवढी? उजेड पिवळा का पांढरा? नाना सांगत गेले. रात्री दोनपर्यंत ती काम करत होती. सकाळी तिनं दाखवलं ते चित्र असं होतं. अंधार, काळ्या पाषाणातली एक पोकळी, छतातून लोंबणाऱ्या गुलाबी पेंढ्या, डावीकडून कंदिलाचा पिवळा उजेड आणि एका पेंढीचा उडालेला कोपरा. उजवीकडे काही नाही. धबधबाही नाही. जांभळं तर काहीच नाही. मी समीक्षा केली नाही. नानांनी बघितलं आणि नुसती मान हलवली, म्हणजे चेक पास झाला.

मला वाटतं, सगळ्या संगणकी स्फटिकांबद्दल माझं म्हणणं एवढंच आहे. स्फटिक सुंदर असतो तो कुठल्यातरी पोकळीत, कुठल्यातरी भिंतीला धरून, कुणाच्यातरी कंदिलाच्या उजेडात. ती पोकळी काढली नाही तर उरतो तो वॉलपेपर. आणि पोकळी काढायची तर जो आत उतरला होता त्याला विचारावं लागतं.

एक गोष्ट मात्र मी नानांना सांगायची इतकी वर्षं टाळली होती. ती त्या सकाळी सांगितली. स्टिलबाइट हा झिओलाइट जातीचा दगड. हे नाव १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेटनं ठेवलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. त्यानं असला दगड तापवला तर त्यातून वाफ निघायला लागली. या स्फटिकांच्या आत बारीक बारीक खोल्या असतात आणि त्या खोल्यांत पाणी भाडेकरू म्हणून राहत असतं. स्टिलबाइटच्या वजनात शेकडा सतरा-अठरा हिस्सा पाणीच असतं.

नाना म्हणाले, "ह्या दगडात? पानी?"

"हो, नाना."

"किती?"

शेकडेवारी ही माझी हद्द. मी वाण्याकडे जाऊन दगड काट्यावर घातला. काळ्या खडकाचा अंदाज वजा केला. पेंढ्या अर्ध्या किलोच्या आसपास भरत होत्या. लाइटबिलाच्या मागेच हिशेब मांडला. नव्वद ग्रॅमच्या आतबाहेर.

"एक कप, नाना. चहाचा."

नानांनी दगड हातात घेतला. उडालेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला. नऊ परसांची विहीर, तगाई, हप्ते, बावन्न-त्रेपन्न वर्षं, आणि उत्पन्न एक कप. मला वाटलं, सांगायला नको होतं.

"म्हंजी लागलं व्हतं म्हन की," नाना म्हणाले.

मग त्यांनी दगड परत लाइटबिलांवर ठेवला आणि आत हाक मारली, "सूनबाई, चहा टाक गं. कपभर."